लॉकरबीचा खटला : 'असू शकतो' आणि 'असलाच पाहिजे' यांतलं अंतर



नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्थेचा पाठ आला की एक वाक्य आपण हमखास सांगतो. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध माणसाला शिक्षा होता कामा नये. मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. पण वर्गात एखादी चौकस मुलगी असतेच. ती हात वर करून विचारते, "सर, २७० माणसं मेली असतील तरीसुद्धा?" अशा वेळी पुस्तकातलं वाक्य पुन्हा म्हणून भागत नाही. उदाहरण द्यावं लागतं आणि ते खरं असावं लागतं.

असंच एक खरं उदाहरण आज बघू या. स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर एक विमान बॉम्बस्फोटाने कोसळलं. त्या गुन्ह्यात एकाच माणसाला शिक्षा झाली. ती शिक्षा बरोबर होती का, यावर तीस-पस्तीस वर्षांनंतरही जाणकारांत एकमत नाही. नववी-दहावीच्या मुलांना पुरावा म्हणजे काय, शंका म्हणजे काय आणि अफवा म्हणजे काय, हे समजावून सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. आधी आपण स्वतः नीट समजून घेऊ, मग वर्गात कसं घ्यायचं ते पाहू.

नेमकं काय घडलं?

२१ डिसेंबर १९८८, बुधवार. नाताळ चार दिवसांवर आलेला. पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं १०३ क्रमांकाचं उड्डाण लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून संध्याकाळी न्यूयॉर्ककडे निघालं. विमान बोइंग ७४७, म्हणजे आपण ज्याला जंबो जेट म्हणतो ते. उड्डाणानंतर साधारण ३८ मिनिटांनी, ३१,००० फूट उंचीवर, सामानाच्या कप्प्यात स्फोट झाला आणि विमानाचे तुकडे झाले. विमानातले सगळे २५९ जण मरण पावले. पंखांचा इंधन भरलेला भाग लॉकरबीतल्या घरांवर पडला, तिथे ११ गावकरी गेले. एकूण २७०. यांत १९० अमेरिकन होते. सिराक्यूज विद्यापीठाच्या परदेशी अभ्यासक्रमातले ३५ विद्यार्थी सुट्टीसाठी घरी परतत होते.

विमानाचे अवशेष दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या प्रदेशात पसरले होते. पोलीस, सैनिक आणि स्वयंसेवक यांनी शेतं, जंगलं, डोंगरउतार पायी तुडवून लहानसहान तुकडे गोळा केले. पुढच्या सगळ्या खटल्याचा पाया हे तुकडेच होते.

तपास मल्टापर्यंत कसा पोहोचला?

मुलांना इथे खूप रस वाटतो, म्हणून टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिला टप्पा : सामानाच्या एका धातूच्या कंटेनरवर स्फोटाच्या खुणा सापडल्या. त्यावरून कळलं की बॉम्ब एका तपकिरी सॅमसोनाइट सुटकेसमध्ये होता. सुटकेसमध्ये तोशिबा कंपनीचा रेडिओ-कॅसेट प्लेअर होता आणि त्यात सेमटेक्स हे स्फोटक दडवलं होतं.

दुसरा टप्पा : त्या सुटकेसमधल्या जळक्या कपड्यांचे तुकडे आणि लेबलं मिळाली. ती तपासत तपासत पोलीस मल्टा या छोट्या बेटावर, स्लीमा नावाच्या गावातल्या 'मेरीज हाउस' या कपड्यांच्या दुकानात पोहोचले. तिथला दुकानदार टोनी गाउची याने सप्टेंबर १९८९ मध्ये सांगितलं की, नाताळच्या आधी एक लिबियन वाटणारा माणूस आला होता. मापाची, रंगाची फारशी फिकीर न करता त्याने बरेच कपडे घेतले आणि एक छत्रीही घेतली.

तिसरा टप्पा : एका शर्टच्या जळक्या तुकड्यात नखाएवढा एक सर्किट बोर्डाचा तुकडा सापडला. तो झुरिकच्या मेबो या कंपनीने बनवलेल्या टायमरचा आहे, असं तज्ज्ञांचं मत पडलं. या कंपनीने असे टायमर लिबियाला विकले होते.

अशा रीतीने संशय लिबियाकडे वळला. नोव्हेंबर १९९१ मध्ये दोन लिबियन माणसांवर आरोप ठेवले गेले. पहिला अब्देल बासेत अल मेग्राही. हा लिबियन अरब एअरलाइन्सच्या सुरक्षा विभागाचा प्रमुख होता आणि सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार लिबियाच्या गुप्तचर खात्याचा अधिकारी. दुसरा लामिन खलिफा फिमाह, मल्टाच्या लुका विमानतळावर त्याच एअरलाइन्सचा माजी व्यवस्थापक.

खटला : परक्या भूमीवर स्कॉटलंडचं न्यायालय

लिबियाचे प्रमुख कर्नल गद्दाफी आरोपींना द्यायला तयार नव्हते. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ पासून लिबियावर निर्बंध लादले. बऱ्याच वाटाघाटींनंतर तोडगा निघाला तो असा : खटला तिसऱ्याच देशात, नेदरलँड्समधल्या कॅम्प झाइस्ट इथे चालवायचा, पण कायदा आणि न्यायाधीश स्कॉटलंडचे. ज्युरी नाही, तीन न्यायाधीश. एप्रिल १९९९ मध्ये दोघं आरोपी ताब्यात आले. ३ मे २००० रोजी खटला सुरू झाला आणि ३१ जानेवारी २००१ रोजी निकाल लागला. फिमाह निर्दोष, मेग्राही दोषी. मेग्राहीला जन्मठेप झाली.

इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. ज्युरी असती तर तिने नुसता आपला निर्णय सांगितला असता, कारणं दिली नसती. न्यायाधीशांना मात्र लेखी निकालपत्र द्यावं लागलं. म्हणून कोणत्या पुराव्यावरून कोणता निष्कर्ष काढला, हे आज कुणालाही वाचता येतं. शंका घेणाऱ्यांनी जे प्रश्न उभे केले, ते बरेचसे याच निकालपत्रातून निघालेले आहेत.

मेग्राहीला बॉम्ब ठेवताना कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा कबुलीजबाब नव्हता. सगळा खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा होता, म्हणजे एकेक कडी जोडून केलेली साखळी. ती साखळी थोडक्यात अशी :

१) मेग्राहीने ७ डिसेंबर १९८८ ला स्लीमाच्या दुकानातून कपडे घेतले.
२) २१ डिसेंबरला सकाळी मल्टाच्या लुका विमानतळावर बॉम्बची सुटकेस, सोबत प्रवासी नसताना, एअर मल्टाच्या विमानात चढवली गेली.
३) ती फ्रँकफर्टला उतरून पॅन अ‍ॅमच्या जोडविमानात गेली, तिथून हीथ्रोला आणि हीथ्रोहून १०३ मध्ये.
४) टायमर लिबियाला विकलेल्या प्रकारचा होता आणि मेग्राहीचे त्या झुरिकच्या कंपनीशी संबंध होते.
५) २० डिसेंबरला मेग्राही खोट्या नावाच्या पासपोर्टवर मल्टात आला आणि २१ ला सकाळी तिथून परत गेला.

आता या साखळीच्या कड्या एकेक करून ओढून बघू.

पहिली शंका : कपडे कोणत्या दिवशी विकले गेले?

दुकानदाराला तारीख आठवत नव्हती. पण खुणा आठवत होत्या. त्या दिवशी त्याचा भाऊ टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघत होता म्हणून दुकानात नव्हता. बाहेर थोडा पाऊस पडत होता, म्हणूनच गिऱ्हाइकाने छत्री घेतली. सामन्यांच्या वेळापत्रकावरून दोन तारखा पुढे आल्या, २३ नोव्हेंबर आणि ७ डिसेंबर. दोन्ही बुधवार.

मेग्राही ७ डिसेंबरला स्लीमातल्या हॉटेलात उतरला होता, याची नोंद आहे. २३ नोव्हेंबरला तो मल्टात होता, असा पुरावा नाही. म्हणजे सगळं तारखेवर येऊन ठेपलं. आणि हवामानाची नोंद काय सांगते? २३ नोव्हेंबरला संध्याकाळी हलका पाऊस झाला होता. ७ डिसेंबरबद्दल मल्टाच्या हवामान अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं की, स्लीमात पाऊस न पडल्याची शक्यता ९० टक्के आहे. तरीही न्यायालयाने ७ डिसेंबर ही तारीख धरली. चार थेंब पडलेही असतील, असा तो विचार.

पुढे आणखी एक गोष्ट समोर आली. खरेदीच्या वेळी रस्त्यावर नाताळची रोषणाई लागलेली नव्हती, असं दुकानदाराने सुरुवातीला सांगितलं होतं. आणि त्या भागातली रोषणाई ६ डिसेंबरला सुरू झाली होती, असा पुरावा नंतर मिळाला. मग ७ डिसेंबर कसं जमणार?

दुसरी शंका : हाच तो माणूस कशावरून?

दुकानदाराने पहिल्यांदा वर्णन केलं ते असं : उंची सहा फूट किंवा जास्त, वय पन्नाशीच्या आसपास. मेग्राहीची उंची पाच फूट आठ इंच आणि वय तेव्हा ३६. फोटो दाखवल्यावर आणि नंतर ओळख परेडमध्येही दुकानदाराचं म्हणणं ठाम नव्हतं. 'थोडाफार तसा दिसतो' असाच एकंदर सूर होता. शिवाय १९९९ ची ओळख परेड म्हणजे घटनेनंतर दहा वर्षांनी. आपल्यालाच विचारून बघा, दहा वर्षांपूर्वी एकदाच दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा आठवेल का?

स्मरणशक्ती फोटोसारखी नसते. प्रत्येक वेळी आठवताना मधल्या काळात पाहिलेलं, ऐकलेलं त्यात मिसळत जातं. म्हणूनच ओळख परेडच्या आधी साक्षीदाराने संशयिताचा फोटो पाहिलेला नसावा, असा दंडक असतो. इथे मात्र परेडच्या चारच दिवस आधी दुकानदाराच्या पाहण्यात एका मासिकातला लेख आला होता. त्यात मेग्राहीचा फोटो होता आणि त्याचा संबंध बॉम्बस्फोटाशी जोडलेला होता. ही गोष्ट खटल्याच्या वेळी बचाव पक्षाला सांगितली गेली नाही.

आणखी एक बाब म्हणजे बक्षिसाची. अमेरिकेने या प्रकरणात माहिती देणाऱ्यांसाठी मोठं बक्षीस ठेवलं होतं. खटल्यानंतर दुकानदाराला वीस लाख डॉलरहून जास्त आणि त्याच्या भावाला दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली, असं फेरतपासणीच्या अहवालात आलं. पैशासाठी तो खोटं बोलला, असं यातून सिद्ध होत नाही. पण साक्षीदाराला बक्षिसात रस आहे हे माहीत असतं, तर बचावाच्या वकिलांनी त्याची उलटतपासणी वेगळ्या रीतीने घेतली असती, हे तर खरंच.

तिसरी शंका : बॅग मल्टाहून निघाली का?

मल्टाच्या विमानतळावर त्या दिवशीच्या उड्डाणाच्या नोंदी नीट ठेवलेल्या होत्या. सोबत प्रवासी नसलेल्या बॅगेची नोंद त्यात नाही. बॅग विमानात कशी चढवली याचं स्पष्टीकरण सरकारी पक्षाला देता आलं नाही. ही सरकारी पक्षाच्या बाजूची मोठी अडचण आहे असं न्यायालयाने स्वतः निकालपत्रात मान्य केलं. फ्रँकफर्टच्या संगणकाच्या एका छापील नोंदीवरून मात्र मल्टाच्या विमानातली एक बॅग पुढच्या विमानात गेली असावी, असा निष्कर्ष काढला गेला.

आता गंमत बघा. फिमाहने आपल्या विमानतळावरच्या ओळखीचा उपयोग करून बॅग चढवायला मदत केली, असा मूळ आरोप होता. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्षीदार होता तो अमेरिकन गुप्तचर संस्थेचा पगारी खबऱ्या. त्याची साक्ष न्यायालयाने बहुतांशी अविश्वसनीय ठरवली आणि फिमाह सुटला. मग बॅग कुणी चढवली? ही कडी रिकामीच राहिली.

दुसऱ्या बाजूला हीथ्रोवरच्या एका सामान चढवणाऱ्या कर्मचाऱ्याने सांगितलं होतं की, फ्रँकफर्टचं विमान उतरण्याच्या आधीच त्या कंटेनरमध्ये आपण न ठेवलेल्या दोन बॅगा दिसल्या. त्यांतली एक तपकिरी, कडक सॅमसोनाइटसारखी. आणि २००१ मध्ये, म्हणजे निकालानंतर, उघड झालं की स्फोटाच्या आदल्या रात्री हीथ्रोच्या तिसऱ्या टर्मिनलमध्ये सामान विभागाकडे जाणाऱ्या दाराचं कुलूप तोडलेलं सापडलं होतं. पहिल्या अपिलात हा मुद्दा ऐकला गेला. पण त्याने निकाल बदलला नसता, असं अपील न्यायालयाने ठरवलं आणि मार्च २००२ मध्ये अपील फेटाळलं.

चौथी शंका : दुसरं कुणी तर नव्हतं?

३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या 'विन्सेन्स' या युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं होतं. त्यात २९० जण मेले. इराणने सूड घेण्यासाठी एखाद्या गटाला हाताशी धरलं असावं, असा तर्क सुरुवातीपासून होता. ऑक्टोबर १९८८ मध्ये पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी एका पॅलेस्टिनी गटावर छापे घातले, तेव्हा तोशिबाच्याच रेडिओत दडवलेला बॉम्ब सापडला होता. मात्र रेडिओचं मॉडेल वेगळं होतं. तो बॉम्ब हवेच्या दाबावर चालणारा होता. विमान उंच गेलं, दाब कमी झाला की यंत्र सुरू होतं आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात स्फोट. पॅन अ‍ॅमचा स्फोट झाला ३८ मिनिटांनी.

असा बॉम्ब मल्टाहून निघाला असता तर पहिल्याच विमानात फुटला असता. म्हणून हा तर्क खरा असेल तर बॅग हीथ्रोलाच आत शिरली असं मानावं लागतं. न्यायालयाने हा तर्क विचारात घेतला. पण सापडलेला टायमरचा तुकडा वेगळ्या जातीचा होता आणि त्या गटाविरुद्ध थेट पुरावा नव्हता, म्हणून तो नाकारला.

दुसरी बाजूही तितक्याच नीट ऐकू या

इथपर्यंत वाचून "म्हणजे तो निर्दोषच होता!" असं म्हणायची घाई करू नका. मुलंही हीच घाई करतात.

मेग्राही खोट्या नावाच्या पासपोर्टवर त्याच आदल्या दिवशी मल्टात आला आणि बॅग निघाली असं म्हणतात त्याच सकाळी विमानतळावरून परत गेला, हे खरं आहे. तो पासपोर्ट त्याने नंतर वापरला नाही. १९९१ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत तो याबद्दल खोटं बोलला. खटल्यात त्याने स्वतः साक्ष दिली नाही. तसा त्याला अधिकार होता, पण या प्रवासाचं कारण त्यामुळे न्यायालयासमोर आलंच नाही. २००३ मध्ये लिबियाने आपल्या अधिकाऱ्यांच्या कृत्यांची जबाबदारी लेखी स्वीकारली आणि सुमारे २७० कोटी डॉलरची भरपाई कबूल केली. निर्बंध उठावेत म्हणून केलेला हा सौदा होता, असं टीकाकार म्हणतात. तसं असेलही. पण त्या पत्राला काहीच अर्थ नाही, असंही म्हणता येत नाही.

आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने अबू अगिला मसूद या तिसऱ्या लिबियन माणसावर बॉम्ब तयार केल्याचा आरोप ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये तो अमेरिकेच्या ताब्यात आला. आरोपपत्रात मेग्राही आणि फिमाह हे त्याचे साथीदार म्हटले आहेत. लिबियातल्या कैदेत त्याने कबुली दिली, असं सरकारी पक्ष म्हणतो. ती जबरदस्तीने घेतली, असं बचाव पक्ष म्हणतो. त्याने आरोप नाकारले आहेत. ती कबुली खरी ठरली, तर मेग्राहीच्या शिक्षेला पाठबळ मिळेल.

फेरतपासणी आणि अपिलं

स्कॉटलंडमध्ये चुकीच्या शिक्षांची तपासणी करणारा एक स्वतंत्र आयोग आहे. सरकारी वकिलांपासून वेगळा, न्यायालयापासूनही वेगळा. या आयोगाने तीन वर्षांहून जास्त काळ अभ्यास करून जून २००७ मध्ये आठशेहून जास्त पानांचा अहवाल दिला. सहा कारणांनी इथे न्याय चुकला असण्याची शक्यता आहे, म्हणून प्रकरण पुन्हा अपील न्यायालयापुढे जावं, असं त्यात म्हटलं होतं. खरेदीची तारीख ७ डिसेंबर धरायला वाजवी आधार नाही, हे त्यांतलं महत्त्वाचं कारण.

पण याच आयोगाने पुरावे मुद्दाम पेरले गेले किंवा बनवले गेले, असे आरोप तपासले आणि नाकारले. हे दोन्ही एकाच अहवालात आहे. शंका घेणं आणि वाटेल त्या कटाच्या गोष्टीवर विश्वास ठेवणं यांतला फरक इथे अगदी स्वच्छ दिसतो.

दुसरं अपील मात्र निकालापर्यंत पोहोचलंच नाही. मेग्राहीला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. ऑगस्ट २००९ मध्ये त्याने अपील मागे घेतलं आणि २० ऑगस्टला स्कॉटलंडच्या न्यायमंत्र्यांनी दयेच्या तरतुदीखाली त्याची सुटका केली. दयेच्या सुटकेसाठी अपील मागे घ्यावंच लागतं असा नियम नव्हता, त्यामुळे अपील का सोडलं यावर आजही वाद आहे. तीन महिने जगेल असं वाटलं होतं, तो जवळजवळ तीन वर्षं जगला. २० मे २०१२ रोजी तो त्रिपोलीत वारला. शेवटपर्यंत त्याने गुन्हा नाकारला.

त्याच्या कुटुंबाने लढा चालू ठेवला. आयोगाने मार्च २०२० मध्ये प्रकरण दुसऱ्यांदा पाठवलं. जानेवारी २०२१ मध्ये पाच न्यायाधीशांनी अपील फेटाळलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, सगळा पुरावा एकत्र पाहता कुठलंही वाजवी न्यायालय या निष्कर्षावर येऊ शकलं असतं. म्हणजे आजच्या घडीला कायद्याच्या दृष्टीने मेग्राही दोषीच आहे. हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं.

दुःख एकच, मतं दोन

या प्रकरणात मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट मृतांच्या नातेवाइकांची आहे. डॉ. जिम स्वायर या ब्रिटिश डॉक्टरांची मुलगी फ्लोरा त्या विमानात होती. २३ वर्षांची, दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस. आपल्या मुलीच्या मारेकऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून हा बाप लढला, खटला व्हावा म्हणून गद्दाफींना जाऊन भेटला, कॅम्प झाइस्टला बसून खटला ऐकला. आणि पुरावे ऐकून त्याचं मत झालं की मेग्राहीने हे केलेलं नाही. पुढची वर्षं त्याने त्या माणसाचं नाव निर्दोष ठरावं म्हणून घालवली. दुसरीकडे अनेक अमेरिकन कुटुंबांना निकाल बरोबरच वाटतो, आणि २००९ ची सुटका हा त्यांना आपल्या माणसांचा अपमान वाटला.

यांतलं कुणीही मृतांवर कमी प्रेम करत नव्हतं. "शिक्षेबद्दल प्रश्न विचारणारा तो गुन्हेगारांच्या बाजूचा" हे समीकरण किती चुकीचं आहे, हे समजावायला स्वायर यांच्यासारखं दुसरं उदाहरण नाही. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली, तर खरा माणूस मोकळा राहतो. मृतांनाही न्याय मिळत नाही.

आपल्याशी याचा काय संबंध?

विमानातल्या बॉम्बचं दुःख भारताला नवं नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रात कोसळलं, ३२९ जण गेले. तिथेही बॉम्ब अशाच बॅगेत होता जिचा मालक विमानात चढलाच नव्हता. लॉकरबीच्या साडेतीन वर्षं आधीची ही घटना. त्या खटल्यात २००५ मध्ये कॅनडाच्या न्यायालयाने दोन मुख्य आरोपींना पुराव्याअभावी सोडलं आणि बॉम्बसाठी सामान जमवणारा एकच जण दोषी राहिला. एका खटल्यात शिक्षा होऊन शंका उरली, दुसऱ्यात सुटका होऊन खंत उरली. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून मुलांना दाखवा.

आपलं सर्वोच्च न्यायालय याबाबत काय म्हणतं? १९७३ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात न्यायालयाने सांगितलं की आरोपी दोषी 'असू शकतो' आणि 'असलाच पाहिजे' यांत फार मोठं अंतर आहे. १९८४ मध्ये, पुन्हा महाराष्ट्राच्याच एका खटल्यात, परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच अटी घालून दिल्या. त्यांना न्यायालयाने 'पंचशील' म्हटलं. साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी दोषी आहे याखेरीज दुसरं कुठलंही वाजवी स्पष्टीकरण उरता कामा नये, हा त्याचा गाभा. ही फूटपट्टी लॉकरबीच्या साखळीला लावून बघा. भारतीय कायदा तिथे लागू नव्हता हे खरं, पण विचार करायला फूटपट्टी उत्तम आहे.

वर्गात कसं घ्याल?

दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत घटना आणि पाच कड्यांची साखळी फळ्यावर लिहा. शंका सांगू नका. मुलांना विचारा, तुम्ही न्यायाधीश असता तर? बहुतेक हात 'दोषी'साठी वर जातात. दुसऱ्या तासिकेत एकेक शंका सांगा आणि प्रत्येक शंकेनंतर पुन्हा हात वर करायला सांगा. आकडा बदलत जातो. शेवटी दुसरी बाजू सांगा, आकडा पुन्हा हलतो. मग हे प्रश्न द्या :

१) पाचपैकी कोणती कडी तुटली तर सगळी साखळी तुटते? का?
२) 'तो खोट्या पासपोर्टवर आला' यावरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही?
३) साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकू शकतो का?
४) 'दोषी ठरवायला पुरावा पुरेसा नाही' आणि 'तो निर्दोष आहे' ही दोन वाक्यं एकच आहेत का?

चौथ्या प्रश्नावर वेळ द्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर दुकानाची तारीख आणि ओळख या दोन कड्या मला कच्च्या वाटतात आणि त्यांच्याशिवाय बाकी साखळी मेग्राहीपर्यंत पोहोचत नाही. पण म्हणून तो निर्दोष होता असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडेही नाही. हे मत मुलांना शेवटपर्यंत सांगू नका. त्यांना त्यांचं बनवू द्या.

पालकांसाठी एक छोटी गोष्ट. घरात काही हरवलं, फुटलं की आपण पटकन म्हणतो, "तूच केलं असशील, नेहमी तूच करतोस." शाळेत डब्यातले पैसे गेले की आधी बोट दाखवलं जातं ते ठरावीक मुलाकडे. पुढच्या वेळी तिथेच थांबून विचारा : कुणी पाहिलं? कधी? दुसरं कुणी असू शकतं का? मुलाला आधी बोलू द्या. न्यायाचा पहिला धडा मूल घरातच शिकतं, आणि तो आपण कसं विचारतो यावरून शिकतं.